तिथे श्वास नाही

गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, केस वाळवायच्या टोपाखाली बसलेली असताना, कोरल वेनच्या तोंडाने भलत्याच जागी श्वास घेतला. झालं ते एवढंच. त्या गावात त्या दिवशी याहून मोठ्या पुष्कळ गोष्टी झाल्या असतील. पण गेली अकरा वर्षं गुरुवारी, सिनेमाच्या शहराला लागून असलेल्या ग्लेंडेलमधल्या मॅव्हिसच्या केशकर्तनाच्या दुकानात एक खेळ चालायचा, आणि तो कधी चुकला नव्हता. रेडिओवर जुनी गाणी लागायची, त्यात महिन्यातून एकदोनदा तरी कोरलचं, दीपस्तंभाच्या सिनेमातलं ते गाणं यायचं. ते लागलं की मॅव्हिस कैची तोंडात धरून धावत जायची, चारही टोपांची बटणं बंद करायची, आणि ओली डोकी घेऊन बसलेल्या बायका खुर्च्यांवर पुढे सरकून बसायच्या. मग कोरल, डोक्यात चोवीस गुलाबी रोलर, गळ्यात प्लास्टिकचा रुमाल, अशा थाटात ओठ हलवायची. नुसते ओठ. आवाज रेडिओतून यायचा, छत्तीस वर्षांपूर्वीचा. शेवटच्या ओळीला हात छातीशी न्यायची. 'जो यायचा आहे त्याच्यासाठी', इथे सूर वर जाऊन थांबायचा, थांबायचा, आणि न तुटता तसाच खाली उतरायचा, 'दिवा तेवता ठेवलाय.' एका दमात. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एका दमात. त्या गुरुवारी सूर वर गेला, थांबला, आणि कोरलचे ओठ मिटून पुन्हा उघडले. खांदे किंचित वर उचलले गेले. तिने श्वास घेतला. रेडिओतला आवाज मात्र तिच्यासाठी थांबला नाही. तो तिला तिथेच सोडून पुढे निघून गेला, एखादी बस निघून जावी तसा.

"हुकलात की हो, मिस वेन!" मॅव्हिस टाळी वाजवून हसली. "बघा, बघा, स्वतःचंच गाणं विसरल्या!"

"साठी आली बाई," कोरल म्हणाली. "आता दम मोजून वापरायचा. शेवटच्या दिवसाला थोडा ठेवायला नको?"

सगळ्या हसल्या. शेजारच्या टोपाखालची सिरानूश तेवढी हसली नाही. सिरानूश म्हणजे आर्मेनियन म्हातारी, सत्तरीची, एके काळी स्टुडिओच्या कपडेखात्यात शिवणकाम करायची. तिने कोरलकडे एकदा पाहिलं आणि मांडीवरच्या मासिकाचं पान उलटलं. मॅव्हिसने टोप सुरू केले. त्या घोंघावणाऱ्या गरम हवेत कोरल बसून राहिली आणि तिला उगाच थंडी वाजली.

घरी जाताना ती बसमध्ये बसली नाही, चालत निघाली. वय झालं म्हणून श्वास घेतला, असं म्हणता आलं असतं. पुढे क्लबांमधून गायची वेळ आली तेव्हाही ती तिथे श्वास घ्यायचीच. कुणी टोकलंच तर म्हणायची, अहो इथे सिगारेटचा धूर किती, तुम्ही घेऊन बघा एका दमात. म्हणजे ती सवय असेल. सवयच. पण सवय लागायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि मघाशी खांदे वर उचलले गेले ते दमून नव्हे. ते अगदी सहज उचलले गेले होते. माणूस आपल्या घरात अंधारात बरोबर दिव्याच्या बटणावर हात ठेवतो तसे. ते शरीराला माहीत होतं. शरीराला जे माहीत आहे ते तिला माहीत नव्हतं, ही गोष्ट तिला लिंबाच्या झाडापाशी, स्वतःच्या फाटकाशी आल्यावर जाणवली, आणि ती किल्ली हातात घेऊन बराच वेळ तशीच उभी राहिली. शनिवारी दुपारी कॉलेजात तो सिनेमा दाखवणार होते, आणि तिला बोलावलं होतं. ती पोरं विचारणार होती. नेहमी विचारतात. एका दमात कसं गायलात, मिस वेन? आणि ती सांगणार होती, नेहमी सांगते, की मी नेब्रास्कातली पोर, नदीत बुडी मारून या काठाची त्या काठाला निघायचे, तिथे दम तयार झाला. लोकांना ही गोष्ट आवडते. नऊ सिनेमे केले, त्यातले आठ लोक विसरले. दोन नवरे झाले, ते तर तीही विसरायच्या बेतात आहे. राहिलं हे एक गाणं, आणि त्या गाण्यातला हा एक श्वास, न घेतलेला.

नेब्रास्का खरं होतं. नदीही खरी होती, फक्त गुडघाभर पाण्याची. तेव्हा ती कोरल वेन नव्हती, अनेश्का हावरानेक होती. बाप बेकरीवाला, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि बोटांच्या फटींत राहिलेलं पीठ ऑर्गनच्या पट्ट्यांवर पडायचं. खसखस भरलेल्या गोड पावांच्या वासात ती गायला शिकली. बाप म्हणायचा, "अनेश्का, श्वास चोरायचा नाही. हक्काने घ्यायचा. देवालाही कळू दे तू जिवंत आहेस ते." त्यामुळे तिचा श्वास ऐकू यायचा. ओमाहाच्या रेडिओवर स्पर्धा जिंकली, तीही त्या ऐकू येणाऱ्या श्वासासकट, आणि मग आगगाडीने तीन दिवस प्रवास करून ती इथे आली, तर इथे तिचं नाव बदललं, दात बदलले, कपाळावरचे केस बोटभर मागे उपटून काढले, भुवया पुसून नव्या काढल्या. प्रसिद्धीखात्याच्या मिसेस क्विल तिला आरशासमोर बसवून म्हणाल्या होत्या, "आता कशी दिसतेस!" आणि तिने आरशात पाहून मनापासून विचारलं होतं, "ही कोण?" मिसेस क्विल खूप हसल्या होत्या. त्यांना वाटलं, पोर गमतीची आहे. पुढे प्रसिद्धीखात्याने छापलं की तिचा बाप व्हिएन्नातला संगीतकार. पहिल्यांदा वाचून तिला हसू आलं. पाचव्यांदा वाचलं तेव्हा बापाच्या अंगाला पिठाचा वास येईनासा झाला होता. तिथे हे असंच असायचं. छापलेलं आधी लोकांना खरं वाटायचं, मग हळूहळू ज्याच्याबद्दल छापलंय त्यालाही.

तिने चहाला पाणी ठेवलं, आणि चहा करायचं विसरून खुर्चीवर बसली. गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं, चित्रण नंतर. चित्रणाच्या वेळी भल्या थोरल्या कर्ण्यातून ते सेटवर वाजवायचे आणि नटीने ओठ हलवायचे. त्यातली खरी मेख ओठांत नसते, श्वासात असते. ओठ कुणीही जुळवील. पण रेकॉर्डवर जिथे श्वास आहे तिथे छाती हलली नाही, किंवा नाही तिथे हलली, तर थिएटरात बसलेल्या माणसाला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो खुर्चीत चुळबुळायला लागतो. कोरल यात पटाईत होती. इतर नट्यांना चार दिवस लागत, तिला एक सकाळ पुरायची. आणि का पुरू नये? आपलाच श्वास, तो पाठ काय करायचा?

मग ते बारा वेळा का लागलं?

हा प्रश्न कुठून आला ते तिला कळलं नाही. पाणी उकळून उकळून आटायला लागलं होतं. बारा वेळा. लाकडी फळ्यांचा दीपस्तंभ, त्याला मारलेला पांढरा रंग अजून ओला, मागे पंख्याने हलणारा कापडी समुद्र. दिग्दर्शक हॉलिस, उंच, कधी न ओरडणारा माणूस, त्या दिवशी ओरडत होता. "थांबवा! कोरल, तिथे श्वास घेते आहेस तू."

"हो, मग? तिथे घेतेच मी."

"तिथे श्वास नाहीये."

"असं कसं? पियानोवर तीन आठवडे तालीम केली ना आपण. 'त्याच्यासाठी'च्या नंतर..."

"रेकॉर्डवर नाहीये, कोरल." हे त्याने तिच्याकडे पाहून म्हटलंच नव्हतं. तो बाजूला उभ्या असलेल्या मिसेस क्विलकडे पाहत होता, आणि मिसेस क्विल आपल्या हातमोज्याचं बटण लावत होत्या. "परत घेऊ या. आणि तिथे श्वास घेऊ नकोस. तिथे श्वास नाही."

अकरा वेळा तिच्या छातीने ऐकलं नाही. बाराव्या वेळी तिने श्वास कोंडून धरला. तेव्हा ओटीपोटात आठवड्याभराची दुखरी जागा होती, ती कोंडलेल्या श्वासाने अशी काही ठणकली की डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहिलं, आणि ते कॅमेऱ्याने टिपलं. त्या आसवांवर त्या वर्षी वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने आले. कुणी लिहिलं, असं रडणं शिकवून येत नाही. ते मात्र खरं होतं.

तिने गॅस बंद केला आणि ऑगी ट्रेम्बलीला फोन लावला. ऑगी त्या स्टुडिओत आवाज टिपणारा. आता शहाहत्तर वर्षांचा, सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात, एक कान गेलेला. तो फोनवर यायलाच पाच मिनिटं लागली.

"कोण? कोरल? अगं मेलीस का काय असं वाटलं मला. नाताळापासून पत्ता नाही."

"मेल्यावर तुला आधी कळवीन. ऑगी, एक विचारायचं होतं. दीपस्तंभाचं गाणं. ते आपण सोमवारी रेकॉर्ड केलं ना? मी त्या... मी आजारी पडले त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी."

पलीकडे कुणीतरी पत्ते पिसत होतं, त्याचा फर्र आवाज.

"चांगल्या कानाला धरलायस ना फोन?"

"धरलाय, धरलाय. तो सोमवार कामगार दिनाचा होता, कोरल. सप्टेंबरातला पहिला सोमवार. स्टुडिओ बंद होता. माझ्या मेव्हण्याकडे मासे भाजले आम्ही. मला पक्कं आठवतं, त्याने पडवी जवळजवळ जाळलीच होती."

"मग मंगळवारी?"

"मंगळवारी केलं. हो."

"मंगळवारी मी नव्हते, ऑगी."

"नव्हतीस," तो म्हणाला. आणि मग, जिन्यावरून जड सामान एकेक पायरी उतरवावं तसं, "ओपल टीगने म्हटलं. कोरसमधली. पुढच्या रांगेत डावीकडे उभी राहायची, दाताला दात चढलेली. तुझ्यामागे चार सिनेमे गायलेली पोर, तुझा आवाज हुबेहूब काढायची. आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो त्यावर. वाद्यवृंद आठवडाभर आधी ठरला होता, वरून हुकूम आला, थांबायचं नाही. तिने एकदाच म्हटलं. एका दमात. वाजवणारे उभे राहिले गं. मग तिच्याकडून कागदावर सही घेतली की जन्मात कुणाला सांगणार नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"आता हे काय विचारणं झालं?" त्याचा आवाज खरोखर दुखावल्यासारखा झाला. "तुझाच आवाज, तुला कळला नसेल असं कुणाला वाटेल? आम्हाला वाटलं, तू नाटक करतेस. नंतर वाटलं, छान करतेस. मग इतकी वर्षं झाली की विचारणं बरं दिसेना."

फोन ठेवल्यावर ती आतल्या खोलीत गेली, तिथून बाहेर आली, पुन्हा आत गेली. दोन खोल्यांच्या घरात माणसाला जाऊन जाऊन कुठे जाता येणार. आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे ती ऑगीला सांगू शकली असती. डोक्याच्या आतून ऐकू येतो तो एक, यंत्रातून येतो तो दुसराच. पहिल्यांदा स्वतःची रेकॉर्ड ऐकली तेव्हाही तिने विचारलं होतं, ही कोण. त्या गावात तिने या प्रश्नाची सवय करून घेतली होती. पण तो सोमवार? तो तिला स्वच्छ आठवत होता. रेकॉर्डिंगची खोली, भिंतींना लावलेल्या जाड पडद्यांचा धुळकट वास, व्हायोलिनवाल्यांच्या ओळीत व्हायोला वाजवणारा नेड, मान तिरकी, तिच्याकडे न बघणारा. सगळं होतं. आणि त्याच सोमवारचं आणखीही काही होतं. ते वेगळ्या कप्प्यात होतं, आणि दोन्ही कप्पे एकदम उघडायची वेळ तिने कधी येऊ दिली नव्हती. मिसेस क्विलची काळी मोटार. सुनसान रस्ता. सगळ्या दुकानांच्या झडपा ओढलेल्या. तिने विचारलं होतं, "दुकानं बंद का आहेत?" आणि मिसेस क्विल तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "सुट्टी आहे ना, राणी. आज सगळ्या गावाला सुट्टी."

मिसेस क्विल दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी संत्री आणली होती, सोलून, एकेक पाकळीवरचा दोरा काढून दिली होती. करारात लिहिलं होतं की चित्रण संपेपर्यंत लग्न नाही, आणि जे लग्नाशिवाय व्हायला नको ते तर नाहीच. नेडला तिने सांगितलंही नाही. तो पुढे शिकागोला गेला. सोमवारी संध्याकाळी दाखल, मंगळवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर आले. शुक्रवारी घरी. आणि शनिवारच्या वर्तमानपत्रात होतं, कोरल वेनचं अपेंडिक्स काढलं, प्रकृती उत्तम. चार हजार पत्रं आली. त्यातली कित्येक लहान मुलींची होती. 'माझं पण अपेंडिक्स काढलं. तुम्हाला पण आइस्क्रीम दिलं का?' तिने प्रत्येकीला सही केलेला फोटो पाठवला. हात दुखेपर्यंत सह्या केल्या. आणि तीनशेव्या की चारशेव्या सहीच्या सुमाराला कधीतरी, तिचं अपेंडिक्स खरोखरच काढलं गेलं.

इतकं खरोखर, की पुढे एकवीस वर्षांनी, अठ्ठावन्न साली, पोटात असह्य कळा येऊन तिला इस्पितळात नेलं, तेव्हा तिने तरुण डॉक्टरला निक्षून सांगितलं, "अपेंडिक्स नाही, ते माझं सदतीस सालीच काढलंय." त्याने विश्वास ठेवला. सिनेमानटी, तीही इतक्या ठामपणे बोलणारी. अर्धा दिवस तो पित्ताशय शोधत बसला. मरता मरता वाचली. शेवटी एका म्हाताऱ्या नर्सने पांघरूण दूर करून तिच्या पोटाकडे पाहिलं, गुळगुळीत, एक ओरखडा नाही, आणि म्हणाली, "बाईसाहेब, व्रण कुठेय?" कोरल गुंगीत होती. म्हणाली, "मग माझं नाही तर कुणाचं काढलं?" ही गोष्ट तिने पार्ट्यांतून पन्नास वेळा सांगितली, इस्पितळाचा वेंधळेपणा म्हणून. लोक पोट धरून हसायचे. तीही.

आता कुणीच हसत नव्हतं. ती पलंगाखाली वाकली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढून काढला. चाहत्यांची जी थोडी पत्रं उरली होती ती त्यात होती. दर नाताळाला फ्रेज्नोहून एक कार्ड यायचं, एकाच बाईचं, एकाच वळणदार अक्षरात. गेल्या सात वर्षांत आलं नव्हतं. तिने ती कार्डं एकाखाली एक लावली. अठ्ठावीस होती. प्रत्येकावर तेवढीच एक ओळ. 'तब्येत कशी आहे आता? जपून राहा. ओपल टी.' कोरलला वाटायचं, त्या अपेंडिक्सच्या पोरींपैकी एखादी असेल, वेडी, अजून चौकशी करते. ती न चुकता उलट टपाली सही केलेला फोटो पाठवायची. अठ्ठावीस फोटो. 'माझ्या लाडक्या चाहतीस.'

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तिला वाटलं, आपण हसतोय. तिने आरशापाशी जाऊन खात्री करून घेतली.

शुक्रवारचा दिवस तिने न गाण्यात घालवला. म्हणजे एरवीही ती गात नसे, पण त्या दिवशी तिला ते कळत होतं. भांडी घासताना, लिंबं वेचताना, शेजाऱ्यांच्या मांजरीला हाकलताना ती गात नव्हती. जर ते गाणं माझं नाही, ती विचार करत होती, तर मग त्या मंगळवारी माझं काय होतं? गाणं होतं तोवर तो मंगळवार झाकलेला होता. 'कोरल वेनने ते गायलं' या वाक्याखाली. ते वाक्य उचललं की खाली काय दिसतं ते तिला दिसत होतं, आणि ते छत्तीस वर्षांचं झालं असतं. पस्तीस. एप्रिलमध्ये पस्तीस पुरी होऊन छत्तिसावं लागलं असतं. तिला हिशेब करायचा नव्हता. मनाने तो करून ठेवला होता, कधीचा, आणि दर एप्रिलला एक वर्ष वाढवलंही होतं, तिला न विचारता.

शनिवारी सिरानूश आपली जुनी हिरवी मोटार घेऊन दारात आली. आधीच ठरलेलं होतं. मॅव्हिसच्या दुकानातल्या सगळ्याच जणी येणार होत्या. वाटेत सिरानूश सिग्नलांना शिव्या देत होती, जावयाला शिव्या देत होती, जर्दाळू महाग झाल्याचं सांगत होती. कोरलने मध्येच विचारलं, "तुम्ही दीपस्तंभाच्या वेळी कपडेखात्यात होतात ना?"

"होते की, मिस वेन," सिरानूश म्हणाली, आणि गिअर बदलला. मग म्हणाली, "आज केस छान बसलेत तुमचे."

कॉलेजच्या सभागृहात दीडदोनशे पोरं होती, लांब केसांची, मोज्यांशिवाय चपलांत, ज्यांच्या आयांनी तो सिनेमा पाहिला असेल. अंधार झाला. पडद्यावर चोवीस वर्षांची एक मुलगी दीपस्तंभाच्या पायऱ्या चढून गेली. तिचे दात फार पांढरे होते. तिने कठड्यावर हात ठेवला, आणि गाणं सुरू झालं, आणि कोरलने आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकलं. ओठ न हलवता ऐकलं. केवढा सुंदर आवाज होता. जरा जाडसर, कडेला किंचित खरखरीत, तिचा नव्हेच. तिचा आवाज पातळ होता. हे इतकं उघड होतं की सभागृहातल्या एकालाही कसं कळत नाही याचं तिला नवल वाटलं. एक दाताला दात चढलेली पोर तिच्या जागी उभी राहून, ती कुठे गेलीय ते माहीत असून, गात होती. 'जो यायचा आहे त्याच्यासाठी'. सूर वर गेला आणि थांबला. पडद्यावरच्या मुलीचा श्वास कोंडलेला दिसत होता, मानेची शीर ताठ झालेली, आणि मग ते डोळ्यांतलं पाणी.

अंधारात सिरानूशचा खरबरीत हात तिच्या मनगटावर आला.

"त्या निळ्या झग्याची शिवण मी दोनदा उसवली होती," ती पडद्याकडे बघतच हळूच म्हणाली. "ऑगस्टात बोटभर सैल केली. सप्टेंबरात परत बोटभर घट्ट. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मापाच्या टेपेला सगळं कळतं, पोरी."

अकरा वर्षं शेजारच्या टोपाखाली बसून ही बाई तिला मिस वेन म्हणत होती. आज पहिल्यांदा पोरी म्हणाली. कोरलने हात काढून घेतला नाही.

दिवे लागले. टाळ्या वाजल्या, तिला व्यासपीठावर नेऊन खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला दिला. चष्मेवाल्या प्राध्यापकाने दोन शब्द बोलता बोलता दोनशे बोलून घेतले. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली, झिपरी, गोड, हातात वही.

"मिस वेन, तो शेवटचा सूर एका दमात कसा घेतलात? प्लीज, ती नदीची गोष्ट सांगा ना."

"नदी गुडघाभर पाण्याची होती," कोरल म्हणाली. लोक हसले. "आणि तो सूर मी घेतलेला नाही. ओपल टीग नावाची मुलगी होती कोरसमध्ये, तिने घेतला. नाव लिहून घे वहीत. ट, दीर्घ ई, ग. मी नुसते ओठ हलवले."

हसू एकदम थांबलं नाही, इकडेतिकडे थोडं रेंगाळलं, मग विझलं. प्राध्यापकाने चष्मा काढून पुसला. मॅव्हिस मागच्या रांगेतून जोरात म्हणाली, "अहो, काहीतरीच काय!" त्या मुलीने मात्र खरोखर नाव लिहून घेतलं. लिहून झाल्यावर वर पाहून, अगदी निरागसपणे, पुढचं जे कुणीही विचारील तेच तिने विचारलं.

"मग तुम्ही कुठे होतात?"

"आजारी होते," कोरल म्हणाली. "अपेंडिक्स."

ते इतकं पटकन आलं, इतकं घासूनपुसून आलं, की तिला मिसेस क्विलच्या संत्र्याचा वास आला. लोकांनी मान हलवली. कुणीतरी सहानुभूतीने च्च केलं. ती मुलगी वहीत 'अपेंडिक्स' लिहायला लागली होती, तिचं पेन हलताना दिसत होतं, आणि ते लिहून पूर्ण झालं की ते पुन्हा छापलं जाणार होतं, पुन्हा खरं होणार होतं. पहिल्या रांगेत सिरानूश मांडीवर पर्स धरून बसली होती आणि तिच्याकडे बघत होती, मापाची टेप हातात असल्यासारखी, घाई नसलेली.

कोरलने श्वास घेतला. खांदे उचलून, छाती भरून, मायक्रोफोनमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा, बापाने शिकवला होता तसा. तिला जिथे घ्यायचा होता तिथे.

"थांब, बाळ," ती त्या मुलीला म्हणाली. "ते खोड. अपेंडिक्स नव्हतं."